मुद्देमालातली चूल

मराठी तिसरी झाली आणि माझी शाळा सुटली. वडील गेले होते. पाटी माळ्यावर गेली आणि मी दुसऱ्याच्या भातशेतात औताला लागलो. पुढं मिसरूड फुटल्यावर गावच्या एका गिरणीकामगाराबरोबर घाट चढलो तो थेट सोलापूर. तिथं आमच्या चाळीत सगळे तेलगू बोलणारे विणकर, कोपऱ्यावरचा चहावाला दखनी बोलणारा. मी कोकणातला, नाकातून बोलणारा. कुणी काही विचारलं की आधी हसायचं आणि मग उत्तर काय द्यायचं ते शोधायचं, अशी सवय लागली. ती अजून गेलेली नाही.

कापडगिरणीत कामाला लागलो, पण तिथल्या कापसाच्या धुरळ्यानं छाती धरली. तेव्हा खालच्या खोलीतल्या एका पोलीस जमादारांनी मला हाताला धरून नेलं आणि शिपायांत भरती केलं. "लिहितो वाचतो, खोटं बोलता येत न्हाय, एवढीच खोट हाय," असं त्यांनी वरच्या साहेबांना सांगितलं म्हणे. त्यांची बदली वेळापूरच्या पुढं एका लहान चौकीवर झाली तेव्हा त्यांनी मलाही मागून घेतलं. त्यांच्या घरची भाकरी मी पुष्कळ दिवस खाल्ली. त्यामुळं त्यांनी 'चल' म्हटलं की पायात वहाणा आहेत की नाहीत हेसुद्धा मी बघत नसे. नोकरी जाईल ही धास्ती उशाला घेऊनच झोपायचो. घरी आई मनिऑर्डरीची वाट बघायची.

त्या मुलखात कालव्याचं पाणी नुकतंच आलं होतं. कालव्याच्या खाली ऊस, वर उघडा माळ. माळ म्हणजे बरड, कुसळी गवत, मध्ये बिरोबाचे शेंदूर लावलेले दगड. पावसाळाभर तिथं धनगरांची मेंढरं असत. दिवाळी झाली की ते बिऱ्हाड घोड्यावर टाकून घाट उतरत, आणि मिरगाच्या तोंडाला परत येत. ते नसताना सरकारी मोजणी झाली. कालव्याचा नवा फाटा तिथून जायचा होता. माळाचा चांगला तुकडा गावातल्या एका बागाईतदाराला रीतसर मिळाला. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. देवळाला पत्रा त्यानंच घातला होता. उन्हाळाभर त्यानं माणसं लावून माळावर बांध घातले. माणसांनी जिथं दिसला तिथला दगड उचलून बांधात घातला.

मिरगाच्या जरा आधी एका सकाळी तो चौकीवर आला.

"जमादार, चोरी झालीया."

जमादारांनी मला दौत पुढं ओढायला सांगितलं. "काय गेलं?"

"दगड."

"दगड?" जमादारांनी मिशी पुसली. "किती गाड्या?"

"तीन दगड. बांधातनं उपसून काढल्यात. बांधाला माणूस जाईल एवढं भगदाड पडलंय. आणि त्या धनगरांनी माळावर वाडा बसवलाय. माझ्या माळावर."

"मालक, तीन दगडांस्नी सोनं लागलं होतं व्हय?"

"हसा तुमी. उद्या पाऊस लागला की सगळी माती वाहून खाली जाईल. चोरी लिवा, नुकसानी लिवा, माझ्या रानात शिरल्याचंही लिवा."

मी तिन्ही लिहिलं. 

माळावर गेलो तेव्हा उन्हं वर आली होती. दोन पंच आणि बागाईतदार बरोबर होते. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ती खुंट्यांना ताणून लावलेली होती, आत मेंढरं. बऱ्याच मेंढ्या विणीला आलेल्या, काहींच्या पायात ओली कोकरं. घोडी एका बाजूला पाय हलवत उभी. आणि मध्ये एक बाई चुलीवर भाकरी थापत बसली होती. पन्नाशीची असेल. नवरा नव्हता, वाड्याचं, म्हणजे त्या सगळ्या बिऱ्हाडांचं आणि कळपाचं, तिच्या हुकमानं चालायचं. तिचा मुलगा आम्हाला बघून उभा राहिला. ती काही उठली नाही.

जमादारांनी विचारलं, "हे दगड कुणाचे?"

"माजं."

"आणले कुठनं?"

बाईनं पिठाच्या हातानं बांधाकडं दाखवलं. "तितनं. त्यांनी नेऊन भिताडात घातलं होतं. दोन वरच गावलं. तिसऱ्याला लई उकरावं लागलं."

"तू काढलेस?"

"व्हय, म्याच. पोराला हात लावू दिला न्हाय."

जमादारांनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे लिहू नकोस. मग तिला म्हणाले, "मावशी, जरा इच्यार करून बोल. दगड माळावर किती पडल्यात. ह्येच कशावरनं तुझे?"

तेव्हा तिनं सांगितलं. वाटेवरची चूल रोज मांडायची आणि रोज मोडायची; तिथले दगड तिथंच टाकायचे. पण पावसाळ्याच्या जागेवरची चूल मोडायची नाही. घाट उतरताना ती तशीच ठेवून जायची, परत आलं की पहिला जाळ त्याच दगडांत करायचा. सासूनं तिला लग्नानंतर पहिली भाकरी त्याच दगडांवर करायला लावली होती. ती चूल दुसऱ्यानं हलवली तर वाडा फुटतो, असं त्यांच्यात मानतात. म्हणून आल्या आल्या तिनं दुसरं काही केलं नाही, चूल शोधली.

"चूल उकरून आनली, तर मला चोर म्हंत्यात," ती म्हणाली. "ज्यानं न्हेली त्याला काय म्हंत्यात?"

बागाईतदार म्हणाला, "बगा, कबूल करती. आता काय पायजे?"

खरंच काय पाहिजे होतं? मी बरीच वर्षं पोलिसात काढली. चोरी केलेला माणूस आधी नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो, मग रडतो. ही बाई सगळं होच म्हणत होती. तिच्या हिशेबी 'नाही' म्हटलं तर चूल नाकारल्यासारखं झालं असतं, आणि चूल नाकारली की जागा गेली. आमच्या हिशेबी 'हो' म्हटलं की गुन्हा झाला. जमादारांनी तिला तीनदा वाट करून दिली, तीनदा ती त्या वाटेनं गेली नाही.

दगड जप्त करायचे तर चूल पेटलेली. एक पंच पाणी आणायला निघाला, तर ती कडाडली, "जित्या चुलीवर पानी वतता? तुज्या घरात वतशील?" तो जागीच थांबला. मग भाकरी होईपर्यंत थांबायचं ठरलं. भाकरी झाल्या, निखारे आपोआप विझेपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर तिनं सगळ्यांपुढं भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवला. पंचांनी खाल्लं. जमादारांनीही खाल्लं, पण पाठ फिरवून. बागाईतदार तेवढा बांधावर बसून राहिला. त्यालाही तिनं हाक मारली, "या की मालक, तुमच्याच दगडावरची हाय म्हनं!" पंचांतला एक हसताना ठसकला.

दगड थंड झाले तेव्हा दुपार कलली होती. तिन्ही पोत्यात घातले. वजन असं की मला एकट्याला उचलेनात. शेवटी तिच्याच घोडीवर घातले. मुद्देमाल आरोपीच्या घोडीवर, कासरा आरोपीच्या हातात आणि मागून आम्ही. गावातली पोरं बघायला जमली.

इथवर मला हसू येत होतं. मग बागाईतदारानं मेंढरं कोंडवाड्यात घालायला लावली. त्याच्या रानात चरली, तो कायद्यानं तसं करू शकत होता. गावचा कोंडवाडा म्हणजे चार भिंती आणि एक उंबर, गुरांसाठी बांधलेला. तिथं अख्खा कळप दाबून भरला. चारा कोण घालणार? गावात पाणी भरणारा कोळी दोन घागरी ओतून जायचा. आयांचं दूध आटलं. पहिल्याच रात्रीनंतर सकाळी कोकरं मेलेली निघाली. मुलगा भिंतीच्या बाहेर बसून नुसतं आत बघायचा. त्याला आत सोडायचं नाही असा हुकूम होता, आणि तो पाळायला मी उभा होतो. जमादारांना मी म्हटलं, "पाला तरी टाकू दे त्याला." ते म्हणाले, "टाकू दे. मी बगितलं न्हाय." त्यांचे पाय धरायचे तेवढे मी बाकी ठेवले. एवढंही दुसऱ्या कुणी केलं नसतं.

खटला तालुक्याला. मामलेदार रावसाहेबच न्याय करायचे. बाईला घेऊन पायी मी निघालो. जमादार आणि मुद्देमाल बैलगाडीतून पुढं गेले. तिचा मुलगा कोंडवाड्यावरच राहिला.

वाटेत ती माझ्यापुढं चालत होती. मग एकदम म्हणाली, "तू खालचा हाईस न्हवं? घाटाखालचा?"

"कशावरून?"

"बोलन्यावरनं. कंचं गाव?"

मी सांगावं की नाही असं झालं. आरोपीशी घरगुती बोलू नये हे जमादारांनी शिकवलं होतं. पण गावाचं नाव कित्येक महिन्यांत माझ्या तोंडी आलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं थांबून माझ्याकडं बघितलं.

"तळ्याकाठचं? जितं दोन चिचा हायत? आरं, दर साली तुमच्या भाताच्या रानात आमी मेंढरं बसवतो. खत व्हतं म्हनून बोलावून नेत्यात. तुमची मानसं भात देत्यात, वर मासळी द्याया बघत्यात. आमी नगं म्हनतो."

दोन चिंचा खऱ्याच होत्या.

ती पुढं चालायला लागली. "तुमच्या रानात बसलं तर भात. आमच्या रानात बसलं तर कोरट. असं कसं रं?"

मी हसलो. सवय.

कचेरीत रावसाहेबांनी दगड टेबलावर ठेवायला सांगितले, मग टेबलाकडं बघून म्हणाले, "नको, खालीच ठेव." मी पोतं सोडलं. फरशीवर काजळी सांडली. बागाईतदाराचे वकील तालुक्यातले नामांकित होते, कोट घालून उभे. त्यांनी बांध घालणाऱ्या गड्याला साक्षीला उभं केलं. बांधात हे दगड होते हे त्यानं सांगायचं आणि बसायचं, एवढंच काम.

तो गडी साधा होता. वकिलांनी विचारलं, "हेच दगड तू बांधात घातलेस ना?"

"व्हय जी. ह्येच."

"नक्की?"

"नक्की तर! काळं होतं नव्हं. माजं हात काळं झालं, मालकांच्या धोतराला डाग लागला, त्यावरनं म्या शिव्या खाल्ल्या."

रावसाहेबांनी चष्मा वर केला. "काळे का होते?"

"चुलीचं हायत म्हनून. धनगरांची चूल तितं दर साली असती की. माज्या बापानं बी बगितलीया."

वकील गड्याकडं असे बघत होते, जणू हा आपल्या पंक्तीला जेवून दुसऱ्याच्या घरी हात धुतोय. रावसाहेबांनी ते शब्द हळूहळू लिहून घेतले. चोरीचा खटला उभा राहिला तर चूल जुनी हे कागदावर येणार, आणि चूल जुनी तर राहणंही जुनं, म्हणजे माळावर त्यांचाही हक्क, हे वकिलांना माझ्याआधी कळलं. त्यांनी तडजोडीसाठी थोडा अवधी मागितला.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली बोलणं झालं. बागाईतदार फिर्याद मागं घेणार, चोरी नाही, नुकसानी नाही. मेंढरं आजच सुटणार. त्याबदली बाईनं आणि तिच्या वाड्यानं माळावर पाय ठेवायचा नाही, असा मुचलका लिहून द्यायचा. मोडला तर तुरुंग.

"ऊस तुटला की वाढं न्या," बागाईतदार म्हणाला. उसाच्या शेंड्यांचा तो चारा त्याला मनापासून द्यायचा होता असं मला वाटलं. "मी नको म्हनणार न्हाय."

"आमच्या जाग्यावर पावनं म्हनून येऊ?" ती म्हणाली.

ती अंगठा द्यायला तयार नव्हती. जमादारांनी समजावलं, एका जुन्या कारकुनानं समजावलं. ती लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली आणि मान हलवत राहिली. तेवढ्यात तिचा मुलगा आला. धावत आला होता, पाय धुळीनं भरलेले. आल्या आल्या तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"आये, आज लई मेली. थोरली काळी मेंढी बी गेली. अंगठा दे."

"आन् चूल?"

"मेंढरं न्हाईत तर चुलीवर काय, माती शिजवायची?"

ती उठली. आत गेल्यावर तिनं आधी रावसाहेबांना विचारलं, "साहेब, माळ कुनाचा त्ये सांगा की. मग देतो अंगठा."

रावसाहेब थकलेले होते. दिवसभरातली त्यांची ही कितवी फिर्याद कोण जाणे. पण ते रागावले नाहीत. "बाई, जमीन कुणाची ते इथं ठरत नाही. इथं फक्त गुन्हा ठरतो. जमिनीचं दिवाणीत."

"त्ये कुटं हाय?"

"सोलापूरला जावं लागेल."

"तितं मेंढरं चालत्याल?"

मागं कुणी तरी हसलं. जमादारांनी खाली बघितलं. रावसाहेबांनी टाक शाईत बुडवला आणि तो तसाच धरून ठेवला. मग तिनं अंगठा पुढं केला. शाई मीच लावली.

शेवटी रावसाहेबांना मुद्देमालाची आठवण झाली. चोरी नाही, तेव्हा ज्याच्याकडून जप्त केले त्याला परत. दगड तिचे, असं सरकारनं कबूल केलं. दगड जिथं असायचे ती जागा नाही. मी पोतं बांधलं.

मेंढरं सुटली तेव्हा त्यांना चालता येत नव्हतं. बाईनं माळाच्या हद्दीबाहेर, कालव्याच्या फाट्याच्या आणि गाडीवाटेच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वाडा बसवला. ती जागा कुणाची हे कुणाला नक्की माहीत नव्हतं, म्हणून कुणाची फिर्याद आली नव्हती. तिथं तिनं तीन दगड मांडले. मी उभा होतो. पहिला जाळ धरायला बराच वेळ लागला, वारा फाट्याकडून यायचा.

आणि जमादारांनी मला तिथंच नेमलं. वाड्यातलं कुणी माळावर जातं का बघायचं. पावसाळाभर ते काम.

माणसं जात नव्हती. मेंढरं जायची. त्यांना कुणाचा अंगठा लागला नव्हता. सकाळी वाघर सोडली की पुढची मेंढी सरळ बांधावरून माळाकडं, आणि तिच्यामागं सगळी. बाई हद्दीवर उभी राहून ओरडायची, हात हलवायची, शिट्ट्या घालायची. आत जाता येत नव्हतं. मुलगा दगड भिरकावायचा. मग ती माझ्याकडं वळायची.

"तुजा अंगठा न्हाय न्हवं? मग जा की बाबा आत. वळीव त्यांस्नी."

मी जायचो. काठी घेऊन, पट्टा सावरत. पहिल्यांदा मेंढरं मला बघून चारी वाटांना फुटली. तिनं बाहेरून मला शिकवलं, कुठून वळसा घ्यायचा, कोणत्या मेंढीला आधी वळवायचं, तोंडानं काय आवाज काढायचा. माझा आवाज ऐकून वाड्यातल्या सुना पदर तोंडाला लावायच्या. जमादार एकदा घोड्यावरून आले, तर मी बिरोबाच्या दगडांपाशी हुर्र हुर्र करत पळत होतो. त्यांनी घोडा तसाच वळवला. पुढं कधी विचारलं नाही. त्यांचं माझ्यावर हेही एक ऋण.

पट्ट्यात गवत असं नव्हतंच. मेंढरं वाळली. कोकरं त्या साली थोडीच मोठी झाली. बागाईतदारानं माळावर मका केला, तो चांगला आला.

दिवाळी झाली. सकाळी गेलो तर वाडा उठत होता. घोडीवर बिऱ्हाड चढवलं होतं. बाई चुलीपाशी होती. हे दगड ती तिथंच ठेवून जाणार असं मला वाटत होतं. पण वाटेवरचे गाडीवाले कशालाही हात घालत, आणि फाट्याच्या कामाला खडी फोडणारी माणसं यायची होती. तिनं तिन्ही दगड राखेसकट पोत्यात घातले आणि मुलाला हाक मारली. दोघांनी उचलून घोडीच्या उजव्या बाजूला बांधले. घोडी कलायला लागली म्हणून डाव्या बाजूला जात्याचा एक दगड घातला.

"आजवर कदी न्हेली न्हवती," मुलगा मला म्हणाला.

निघताना ती माझ्याजवळ आली. "तुज्या गावाला मेंढरं बसवतो. तुज्या आयेला काय सांगू?"

"बरा आहे म्हणून सांगा."

"त्ये सांगतोच. पर इचारंल की, काम काय करतो?"

मी गडबडलो. पोलिसात आहे, हे आईला माहीत होतं. पोलिसात काय करतो ते तिला कधी कळवलं नव्हतं, मला स्वतःलाही धड मांडता आलं नसतं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली,

"मेंढरं वळतो म्हनून सांगतो."

आणि घोडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारून ती चालू लागली.